खाडीचं पाणी, वरीलप्रमाणे

अमावस्येला लोक नवं काम काढत नाहीत, आणि कोकणातली माणसं तर त्या दिवशी तिन्हीसांजेनंतर नाक्यापर्यंत जायलासुद्धा कुरकुरतात. श्यामसुंदर मेस्त्रींची सगळी नोकरी मात्र अमावस्येवर चालली. भरतीची वेळ बघायची, पस्तीस लिटरचे सहा कॅन टेम्पोत टाकायचे, विक्रोळीच्या हायवेपलीकडे तिवरांच्या मागे जायचं आणि खाडीचं पाणी भरून आणायचं. कन्नमवारनगरातले शेजारी विचारायचे, "काय मेस्त्री, भुतांना पाणी पाजता काय?" मेस्त्री तोंड न वळवता म्हणायचे, "भुतांना नाय, केबलला."

यात थट्टा अशी काही नव्हती, खरंच केबलला. विक्रोळीत जुन्या कारखान्यांच्या भिंतीला भिंत लावून एक दुमजली पिवळट इमारत आहे. तिच्यावर ‘वीज साहित्य संशोधन मंडळ’ अशी पाटी आहे. ती पाटी वाचून दर महिन्याला कुणी ना कुणी वाढीव बिल घेऊन भांडायला येतं आणि वॉचमन त्याला समजावून परत पाठवतो. मंडळ बिलं काढत नाही, वीज बनवत नाही आणि विकत तर काहीच नाही. बाहेर एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या वीज कंपन्या आणि विजेच्या केबल बनवणारे इथे वर्गणी काढून एकत्र आलेले आहेत. इथे प्रयोग होतात आणि जे सापडेल ते सगळ्या सभासदांना सारखं मिळतं. नफा कुणाचाच नाही, म्हणून इथला आकडा कुणाच्या बाजूचा नाही. मंडळाकडे विकण्यासारखं काही नव्हतं. लोक इथल्या कागदावर विश्वास ठेवायचे, तेवढीच काय ती त्याची इस्टेट.

तळमजल्यावर मागच्या बाजूला ‘ओली खोली’ होती. हे नाव कुठल्या फाइलीत नव्हतं, पण सगळे तसंच म्हणायचे. तिच्यात एक लांबलचक टाकी, टाकीत खाडीचं पाणी आणि पाण्यात केबलचे बारा तुकडे. सहा जुन्या बनावटीचे, सहा नव्या. त्यांच्यातून रात्रंदिवस नेहमीपेक्षा तिप्पट दाबाची वीज खेळत असे. प्रश्न एकच होता: मुंबईच्या खाडीकाठच्या जमिनीत पुरलेली केबल किती वर्षं टिकते? दोन हजार सहाच्या जानेवारीत टाकी सुरू झाली. जुने सहा तुकडे नऊ वर्षांत एकेक करून गेले. नवे सहा मात्र अठरा वर्षं झाली तरी तग धरून होते.

हा प्रयोग मांडला डॉ. किणीकरांनी. आता ते नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मेस्त्रींना दोन नियम सांगितले. पहिला पाण्याचा. "नळाच्या पाण्यात मीठ कालवून चालणार नाही हो. आपली खाडी म्हणजे शंभर वर्षं कारखान्यांनी जे जे सोडलं त्याचा काढा आहे. वर चिखल, गंधक, कुजलेली पानं. त्यातलं नेमकं काय केबलला मारतं ते आपल्याला ठाऊक नाही, म्हणून खरंच पाणी हवं." अमावस्येला उधाणाची भरती येते, खाडी ढवळून निघते, म्हणून दिवस अमावस्येचा. दुसरा नियम रजिस्टरचा. पानाच्या पहिल्या ओळीत सगळं पूर्ण लिहायचं: ‘विक्रोळी खाडी, अमावस्येची भरती’. त्याखालच्या ओळींत ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं तरी चालेल. पान उलटलं की पुन्हा पहिली ओळ पूर्ण. आणि चूक झाली तर खोडरबर, पांढरी शाई काही नाही. एक सरळ रेघ मारायची, बाजूला खरं लिहायचं, सही करायची.

मेस्त्रींना हे पटलं. त्यांचे वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर घरी बसले, आणि मुलाला त्यांनी एकच शिकवलं की कामाच्या जागी आपलं नाव खराब करू नये. मेस्त्रींनी ते नाव जपलं. पाण्याचा खारेपणा मोजायला मीटर होता, पण मेस्त्री आधी बोट बुडवून जिभेला लावायचे. मालवणकडे खाडीकाठी वाढलेल्या माणसाची ती खोड. त्यांची बायको सुहासिनी यावर भडकायची. "अहो, तिथे ते गटार चाटता आणि घरी येऊन माझ्या कालवणाला नावं ठेवता?"

आता मुद्द्याची गोष्ट. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ओल्या खोलीचा अहवाल तयार झाला. तो लिहिला गंधालीनं. गंधाली मंडळातली संशोधक, तेहेतीस वर्षांची, बोलायला फटकळ, कामाला वाघ. सात वर्षांपूर्वी आली तेव्हा मोठ्या पगाराची नोकरी सोडून या पडक्या जागी कशाला आलीस म्हणून तिला सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. ती म्हणायची, बारा वर्षं न थांबलेला प्रयोग देशात दुसरा दाखवा, मी तिकडे जाते. मंडळाची अवस्था तशी वाईटच होती. दोन मोठे सभासद बाहेर पडले होते, उरलेले विचारत होते की तुमच्याकडे आता आहे काय. आहे ते ओल्या खोलीत होतं. अंधेरीला सभासदांची बैठक ठरली. तिथे अहवाल मांडायचा, त्यावरून केबलचा नवा दर्जा ठरायचा आणि मंडळ तगायचं.

"काका, हे बघा," असं म्हणत तिनं पहिलं पान मेस्त्रींसमोर धरलं. त्यावर तीन नावं होती. डॉ. किणीकरांचं, तिचं आणि तिसरं श्यामसुंदर मेस्त्री. मंडळाच्या पन्नास वर्षांत हाताखालच्या माणसाचं नाव असं कधी छापलं गेलं नव्हतं.

"माझं कशाला, मॅडम?"

"मग कुणाचं? दोनशे अमावस्या पाणी कुणी वाहिलं, मी?" ती हसली. "फक्त एक काम करा. पाण्याचा दाखला द्यावा लागेल. इथे सही करा."

दाखल्यावर एकच वाक्य होतं: प्रयोगाच्या संपूर्ण काळात दर अमावस्येला टाकीत विक्रोळी खाडीचं पाणी घातलं गेलं. मेस्त्रींनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा घरी राहिलाय, उद्या करतो म्हणाले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. गंधाली फोनवर बोलत होती, तिचं लक्ष नव्हतं, म्हणून निभावलं.

कारण ते वाक्य खोटं होतं, आणि ते फक्त मेस्त्रींना ठाऊक होतं.

दोन हजार चौदाच्या ऑगस्टमध्ये सुहासिनीला कॅन्सर निघाला. पंचवीस तारखेची अमावस्या मेस्त्रींनी परळच्या इस्पितळात फाइल हातात धरून रांगेत काढली. परत येईपर्यंत ओहोटी लागली होती. त्यांनी नळ सोडला, किराण्याच्या दुकानातून मिठाच्या पिशव्या आणल्या आणि मीटरचा काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत मीठ ढवळलं. काटा आला. रजिस्टरात वरची ओळ होती ‘वरीलप्रमाणे’, तिच्याखाली त्यांनी ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं. पुढच्या महिन्यात दुप्पट पाणी आणून भरपाई करू, असं मनाशी ठरवलं. आजारपणाच्या घरात पुढचा महिना कधी रिकामा येतो? सप्टेंबरची अमावस्या केमोत गेली. ऑक्टोबरची दिवाळीत आली, लक्ष्मीपूजनाला. सुहासिनी पलंगावर पडल्या पडल्या मानसीला, त्यांच्या लेकीला, पणत्या कुठे ठेवायच्या ते सांगत होती. तिला टाकून खाडीवर जायला मेस्त्रींचे पाय उचलले नाहीत.

तिला कळलं ते मिठामुळे. कोपऱ्यातल्या थैलीत पाच किलो मीठ बघून तिनं विचारलं, "एवढं कशाला? या वयात लोणच्याचा धंदा काढताय काय?" मेस्त्रींना बायकोशी खोटं बोलता यायचं नाही. त्यांनी सांगून टाकलं, आणि खात्री करायला म्हणून टाकीतलं पाणी एका बाटलीतून घरी आणलं. औषधांनी तिच्या तोंडाची चव पार गेली होती. तरी तिनं बोट बुडवून जिभेला लावलं, मग बाटली नाकाशी धरली.

"खारट आसा," ती म्हणाली, "पण खाडी नाय ही. खाडयेक वास येता."

"मीटर बरोबर दाखवतोय."

"मीटराक नाक आसा काय?" मग बाटली खाली ठेवून, मालवणी सोडून नेहमीच्या मराठीत म्हणाली, "माझ्या दुखण्यापायी खोटं लिहू नका हां. बरी झाले की मी येते तुमच्याबरोबर. दोन कॅन मी धरीन."

नऊ मार्चला ती गेली. त्या महिन्यातली अमावस्या नेमकी तिच्या अकराव्याला आली. मेस्त्रींनी दुसऱ्या दिवशी जाऊन नळ सोडला. एप्रिलमध्ये त्यांनी कॅन टेम्पोत टाकले, हायवेपर्यंत गेले, सिग्नलला टेम्पो उभा राहिला आणि त्यांनी ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली. दोन कॅन मी धरीन, हे तिचं बोलणं डोक्यातून जाईना. मे महिन्यात ते निघालेच नाहीत. त्यानंतर मीठ ही सवयच झाली. सवय एकदा लागली की तिला कारण लागत नाही, हे त्यांना कळत होतं आणि तरी ते मीठ ढवळत राहिले. मध्ये एकदा रजिस्टरचं पान संपलं. खाली खाली ‘वरीलप्रमाणे’ लिहिताना हाताला काही वाटलं नव्हतं. नव्या पानावर ‘विक्रोळी खाडी, अमावस्येची भरती’ अशी आख्खी ओळ लिहावी लागली तेव्हा मात्र पेन दोनदा खाली ठेवलं. पण लिहिली.

हे सतराच्या नोव्हेंबरपर्यंत चाललं. डिसेंबरात गंधाली नोकरीला लागली आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाली, काका, मला तुमची खाडी दाखवा. आता नाही कसं म्हणणार? गमबूट घालून ती चिखलात उतरली, एक बूट चिखलातच राहिला आणि ती एका पायावर उभी राहून पोट धरून हसली. तिच्यासमोर मेस्त्रींनी कॅन भरले. त्या दिवसापासून एकही अमावस्या चुकली नाही. मधल्या एक्केचाळीस गेल्या त्या गेल्या, असं ते स्वतःला सांगत राहिले आणि सात वर्षं ते पचलंही.

दाखला खिशात घेऊन मेस्त्री रविवारी मानसीकडे मुलुंडला गेले. जावई गावी गेलेला, म्हणून तिनं जेवायला बोलावलं होतं. ती राहते मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला. तिच्या गल्लीत रस्ता खोदलेला होता. फाटकासमोर लांब चर, चरात काळं पाणी, वर लाकडी फळी टाकलेली, आणि कडेला केबलचं भलंमोठं रीळ. मेस्त्रींनी रीळ लांबूनच ओळखलं. ती नव्या बनावटीची केबल होती, ओल्या खोलीतल्या सहा तुकड्यांचं सख्खं भावंड. दोन कामगार गुडघाभर पाण्यात उभे होते.

"खारं पाणी आहे हे," मेस्त्री मुकादमाला म्हणाले. "यात टाकताय?"

"काही होत नाही, अंकल. वीस वर्षं बघायला नको. कुठल्या तरी लॅबनं लिहून दिलंय ना."

अहवाल अजून निघाला नव्हता. पण दर वर्षी प्रगतीचा कागद सभासदांना जायचा, आणि त्यात दर वर्षी लिहिलेलं असायचं की नवे सहा तुकडे शाबूत आहेत. मेस्त्री चराच्या काठावर उकिडवे बसले. वास ओळखीचा होता. त्यांनी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"बाबा!" मानसी फाटकातून धावत आली. "शी! काय करताय? लोक बघतायत!"

वर गेल्यावर, ताट समोर असताना, त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती बँकेत आहे, डोकं थंड ठेवणारी मुलगी. तिनं आधी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"कुणाला माहितीये?"

"कुणाला नाय."

"मग? चार महिन्यांनी रिटायर होताय तुम्ही. सही करून टाका ना. तीन वर्षं इकडची तिकडे झाली म्हणून एवढ्या जाड केबलला काय फरक पडणारे?"

"तेच तर कुणाला माहीत नाय. ते बघायलाच टाकी होती."

"आणि सांगितलंत तर काय होईल? लॅब बंद होईल. ती गंधाली रस्त्यावर येईल. आणि सगळे म्हणणार, बायको आजारी होती म्हणून ह्या माणसानं वाट लावली. आईचं नाव का त्यात?"

तिचं काही चुकत नव्हतं. मेस्त्री भात कालवत म्हणाले, "तुझ्या आईनं ओळखलं होतं गं. तोंडाला चव नव्हती, तरी वासावर ओळखलं." मानसी उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू ठेवून ती आतच उभी राहिली.

सोमवारी सकाळी मेस्त्री गंधालीच्या टेबलाशी गेले आणि कोरा दाखला तिच्यासमोर ठेवला.

"सही राहिली, काका."

"मॅडम, मला नाय करता येणार. एक्केचाळीस वेळा मी नळाचं पाणी घातलंय. मीठ टाकून."

तिला आधी ती थट्टाच वाटली. मग तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "कधी?"

"चौदाचा ऑगस्ट ते सतराचा नोव्हेंबर. तुम्ही यायच्या आधी."

"पण मीटरची रीडिंग्ज तर..."

"मीटर मीठ मोजतो."

गंधाली एकदम उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. "सात वर्षं! सात वर्षं मी तुमच्याबरोबर त्या चिखलात येतेय, काका. प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये मी तुमचा फोटो टाकते, कॅन उचलताना. आणि तुम्ही हे मला आत्ता सांगताय? बैठकीला चार दिवस असताना?"

"आत्तासुद्धा सांगणार नव्हतो."

"कारण काय होतं?"

मेस्त्रींनी सांगितलं. बायको आजारी होती. मग गेली. गंधालीचा राग थोडा खाली आला, पण तिनं ‘अरेरे’ म्हटलं नाही, आणि मेस्त्रींना ते बरं वाटलं. थोड्या वेळानं तिनं फक्त एवढंच विचारलं, "काकू मार्चमध्ये गेल्या ना? मग पुढची अडीच-तीन वर्षं?"

मेस्त्रींनी टेबलावरचा कोरा दाखला उचलून हातात घेतला.

दोघं संचालकांकडे गेले. संचालक हर्षद तोरणे मनानं वाईट माणूस नव्हता, पण बुडत्या जागेचा कारभार बघून बघून त्याला कुठलीही गोष्ट ‘सांभाळून घेता येईल का’ याच नजरेनं दिसायची. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि रजिस्टर मागवलं. चौदाचं पान उघडून ओळीवरून बोट फिरवलं.

"इथे काय लिहिलंय, मेस्त्री?"

"वरीलप्रमाणे."

"इथे?"

"वरीलप्रमाणे."

"मग झालं तर. वरीलप्रमाणेच." त्यानं रजिस्टर मिटलं. "माझ्या कानावर काही आलेलं नाही. तुम्ही दुःखात होता, तुम्हाला नीट आठवत नाही. सही करा आणि सुटा."

मेस्त्रींना त्या क्षणी सही करावीशी वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. पेन समोर होतं. इतक्या वर्षांत कुणी त्यांना एवढ्या मायेनं खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. पण गंधालीनं दाखला उचलला, दोनदा फाडला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. "सर, आपण काही विकत नाही, असं तुम्हीच सगळ्यांना सांगता ना?" ती म्हणाली. "मग हे काय विकतोय आपण?"

शुक्रवारी अंधेरीच्या बैठकीत तिनं अहवाल मांडलाच नाही. उभी राहिली आणि सांगितलं की मधली तीन वर्षं आणि तीन महिने पाणी खाडीचं नव्हतं, त्यामुळे अठरा वर्षांचा निष्कर्ष काढता येत नाही, आणि आजवर पाठवलेले प्रगतीचे कागदही धरू नयेत. नाव कुणाचं घेतलं नाही. ‘आमच्याकडून’ म्हणाली. मेस्त्री मागच्या खुर्चीत बसले होते. कुणी ओरडलं नाही, कुणी चौकशी मागितली नाही. सभासदांनी एकमेकांकडे बघितलं, वह्या मिटल्या आणि चहा घेतला. दोन महिन्यांत पत्रं आली. ओल्या खोलीसाठी यापुढे वर्गणी नाही. एकतीस मार्चला टाकी बंद.

योगायोग असा की मेस्त्रींची निवृत्तीही एकतीस मार्चलाच होती. त्यांना वाटलं होतं निदान चार शब्द ऐकावे लागतील, मेमो मिळेल, काही तरी कापून घेतील. तसं काहीच झालं नाही. जेवणाच्या सुट्टीत माणसं त्यांच्या टेबलावरून डबा उचलून दुसरीकडे बसू लागली, इतकंच. मुलुंडचा चर बुजला, वर डांबर पडलं. तिथून जाताना मेस्त्री आता रस्त्याची दुसरी बाजू धरतात. ती केबल चांगली असेलही. पन्नास वर्षं टिकेलही. ते सांगू शकेल अशी एकच टाकी होती.

गंधाली मार्चच्या मध्यावरच गेली, बंगळुरूला, एका कंपनीत. जायच्या दिवशी ती ओल्या खोलीत आली. टाकीची गुणगुण चालू होती. सहा तुकडे अजून जिवंत होते. ती काठाशी उभी राहिली.

"काका, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, असं मला म्हणायचं होतं," ती म्हणाली. "येत नाहीये म्हणता. सॉरी."

"नको म्हणू," मेस्त्री म्हणाले. सात वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून तिला ‘तू’ गेलं.

"एक करा. रजिस्टर दुरुस्त करून ठेवा. किणीकर सरांच्या पद्धतीनं. उद्या कुणी उघडलं तर त्याला खरं सापडलं पाहिजे." मग दारात थांबून म्हणाली, "शेऱ्यात कारणही लिहा. कारणाशिवाय दुरुस्ती धरत नाहीत."

एकतीस तारखेला दुपारी मेस्त्रींनी एकट्यानं टाकीचा दाब उतरवला. काटा शून्यावर आला आणि गुणगुण थांबली. इतकी वर्षं त्या आवाजाकडे त्यांचं लक्षसुद्धा गेलं नव्हतं. आता खोलीत उभं राहवेना. वरच्या मजल्यावर कुणी त्यांच्यासाठी नारळ आणि शाल आणून ठेवली होती, पाच वाजता या म्हणून निरोपही आला होता. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि ऑगस्ट दोन हजार चौदाचं पान काढलं.

पाण्याच्या रकान्यातल्या ‘वरीलप्रमाणे’वर सरळ रेघ मारली. बाजूला लिहिलं: नळाचं पाणी व मीठ. सही. शेऱ्यात लिहिलं: पत्नी आजारी. पुढची ओळ, सप्टेंबर: पत्नी आजारी. शेऱ्यात ‘वरीलप्रमाणे’ लिहिता आलं असतं, पण हे त्यांनी प्रत्येक वेळी पूर्ण लिहिलं. दिवाळीची अमावस्या. नोव्हेंबर. डिसेंबर. जानेवारी. फेब्रुवारीच्या ओळीला त्यांनी ते दोन शब्द जरा सावकाश काढले, कारण तोवर ती होती.

मग मार्चची ओळ आली. त्यांनी लिहिलं: पत्नी वारली.

आणि एप्रिल. हायवेच्या सिग्नलवरून गाडी वळवली तो महिना. इथे काय लिहायचं? आळस लिहिता आलं असतं, भीती लिहिता आली असती. गंधालीनं विचारलं होतं, मग पुढची वर्षं? तेव्हा जे सांगता आलं नाही ते आता एका रकान्यात मावायला हवं होतं. मेस्त्रींनी बराच वेळ पेन धरून ठेवलं. वरून कुणीतरी जिन्यात येऊन हाक मारून गेलं. शेवटी त्यांनी लिहिलं: वरीलप्रमाणे. मे: वरीलप्रमाणे. जून: वरीलप्रमाणे. ते लिहीत राहिले, रेघ, पाणी, सही, शेरा, आणि पानाच्या तळाशी पोचले.

पान उलटलं. नव्या पानावर पहिली ओळ पूर्ण लिहायची, हा किणीकरांचा नियम होता. मेस्त्रींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि ती ओळ पूर्ण लिहिली: पत्नी वारली. मग तिच्याखालून, सतराच्या नोव्हेंबरपर्यंत, वरीलप्रमाणे.